पत्र्याआडचा जावई आणि वाळूतला झिरा

सिडनीच्या केलीव्हिल उपनगरात नवं घर बांधलं की तीन गोष्टी ओघाने येतात: डबल गराज, वास्तुशांतीचं जेवण आणि हॉलमधली एक अवाढव्य रिकामी भिंत. पहिल्या दोन मार्गी लागल्या. तिसरी रोज सकाळी चहा पिताना माझ्याकडे बघत बसायची. बिल्डर तिला ‘फीचर वॉल’ म्हणाला होता. पाच मीटर रुंद, दोन मजले उंच, आणि फीचर शून्य.

आमच्या गल्लीत चार घरांत तोच फर्निचरच्या दुकानातला बुद्ध टांगलाय. मुग्धाने, म्हणजे माझ्या बायकोने, बजावलं की पाचवा बुद्ध या घरात येणार नाही. मग मी जाहीर केलं की आपण थेट वाळवंटात जाऊन अस्सल अ‍ॅबोरिजिनल (इथल्या आदिवासींचं) पेंटिंग आणायचं, तेही चित्रकाराच्या हातून. सोफा राखाडी आहे, लाल-केशरी खुलून दिसेल. भिंतीला शोभेल अशा चित्राचं माप फोनमध्ये टाकून ठेवलं.

हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण सासूबाई होत्या. आई (मी त्यांना आईच म्हणतो) दुष्काळी माण तालुक्यातल्या दहिवडीच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं मास्तरीण, सासरे गेल्यापासून एकट्या. मार्चमध्ये इकडे आल्या त्या सहा महिन्यांसाठी. मुग्धाच्या मनात त्यांना कायमचं ठेवून घ्यायचं होतं. दहिवडीच्या घराला गिऱ्हाईक तयार होतं, मुखत्यारपत्र छापून तयार होतं, सिटीतल्या वकिलातीत जाऊन सही करायची अपॉइंटमेंटही घेतली होती. आईंचं फक्त ‘हो’ यायचं बाकी होतं आणि आई चार महिने ‘बघू’ म्हणत होत्या. मास्तरणीचं ‘बघू’ म्हणजे काय, हे त्यांच्या विद्यार्थ्यांनाच ठाऊक.

माझी बाजूही सांगून टाकतो. आई आल्यापासून आठ वर्षांच्या सईला शाळेनंतर पाळणाघरात ठेवावं लागत नव्हतं, डब्यात भाकरी येत होती आणि मी सकाळी पाऊण तास जास्त झोपत होतो. त्या राहाव्यात असं मला मनापासून वाटत होतं. मन कुठल्या बाजूला होतं ते कळलंच असेल. तर जुलैच्या सुट्टीत त्यांना ऑस्ट्रेलिया दाखवायचा, भारावून टाकायचं आणि परत आल्यावर बुधवारी सही, असा माझा बेत होता.

दिवस पहिला. सिडनी ते अ‍ॅलिस स्प्रिंग्ज, म्हणजे वाळवंटाच्या मधलं शहर, तीन-सव्वातीन तासांची फ्लाइट. सुट्टीत तिकिटं महाग, दोन-तीन महिने आधी काढा. गाडी फोर-व्हील ड्राइव्हच घ्या. साध्या गाडीचा विमा डांबर संपलं की संपतो, हे काउंटरवरच्या बाईने मला दोनदा ऐकवलं आणि सही घेतली. भाडं ऐकून आईंनी विचारलं, “गाडी विकत घेतलीत का?” जुलैत दिवसा स्वेटर पुरतो, पण पहाटे पाणी गोठतं. थर्मल न्या. तिथल्या वस्त्यांवर जायला परमिट लागतं, ते ऑनलाइन मिळतं पण वेळ लागतो, आणि ज्या आर्ट सेंटरला जायचं त्यांना आधी ईमेल करून या म्हणवून घ्यावं लागतं. न विचारता कुणाच्या अंगणात शिरू नये, इतकंच ते. दारू नेता येत नाही. आमच्याकडे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, तिच्यावर बंदी नाही.

दिवस दुसरा. दीड तास डांबर, मग तीन तास कच्चा रस्ता. त्याला म्हणतात ‘कॉरुगेटेड’. पत्र्यासारख्या लाटा असतात, हळू गेलं तर दात वाजतात, ऐंशीने गेलं तर कमी वाजतात. मुग्धाने हळू जायला सांगितलं, आईंनी डोळे मिटून घेतले, सई म्हणाली, “डॅड, धिस इज ऑसम.” वाटेत एकच रोडहाउस आहे. टाकी तिथेच भरा, टॉयलेटलाही तिथेच जा. टोस्टेड सँडविच बरं, चहा वाईट. काउंटरवरच्या दाढीवाल्याने विचारलं, “कुठं निघालात, मेट?”

“पेंटिंग घ्यायला.”

तो बाहेरच्या धुळीकडे बघत म्हणाला, “लाँग वे टू गो फॉर अ पिक्चर.”

दोन्ही बाजूंना लाल माती, पिवळं गवत, मधूनच एखादं वाळलेलं झाड. मी आरशातून आईंकडे बघत होतो, भारावल्या का म्हणून. त्या खिडकीला नाक लावून बसल्या होत्या.

“कसं वाटतंय आई?”

“आमच्या माळासारखंच आहे की,” त्या म्हणाल्या. “खडे जरा कमी.”

म्हणजे एवढं विमान, एवढी गाडी आणि थर्मल करून मी सासूबाईंना माण तालुका दाखवत होतो.

दुपारी वस्तीवर पोहोचलो. पन्नासेक घरं, एक दुकान, एक दवाखाना, फुटबॉलचं लाल मैदान आणि घरांपेक्षा जास्त कुत्री. आर्ट सेंटर म्हणजे पत्र्याची मोठी शेड. तिथली मॅनेजर केट, मेलबर्नची, तिशीतली, रंगाने माखलेली. तिने आम्हाला ओट्यावर नेलं आणि तिथे डोरीन बसली होती. सत्तरीच्या पुढची, डोक्याला लोकरीची टोपी, फुलाफुलांचा स्कर्ट, पाय अनवाणी. जमिनीवर मांडी घालून बसलेली, समोर जमिनीवरच पसरलेला काळा कॅनव्हास. हातात एक काडी. ती काडी रंगात बुडवायची, ठिपका टेकवायचा, परत बुडवायची. शेजारी रेडिओवर चर्चची गाणी. एक कुत्रं कॅनव्हासच्या कोपऱ्यावरून चालत गेलं. डोरीनने त्याला शिवी घातली आणि पुढचा ठिपका टेकवला.

मी फोन काढला, माप बघितलं. जवळजवळ बरोबर होतं! उत्साहाने विचारलं, “याची वरची बाजू कुठली?”

डोरीनने काडीने आभाळ दाखवलं. “वर ते. हे खाली.”

केटने समजावलं की ही चित्रं जमिनीवरच काढतात, चहूबाजूंनी बसून. जमीनच असते ती, वरून पाहिलेली. तिला उभी करणं ही आपल्या भिंतींची गरज. मी मान डोलावली आणि आयुष्यातला सर्वांत मूर्ख प्रश्न विचारला: यातला केशरी जरा कमी करून थोडा ग्रे घालता येईल का? सोफा ग्रे आहे.

केटने फार सभ्यपणे उत्तर दिलं. “निखिल, ती तिच्या वडिलांची जमीन काढतेय. ती जमीन ग्रे नाहीये.”

मुग्धाने माझ्या पायावर पाय दिला.

कॅनव्हासच्या मधोमध एकात एक गोल होते, सात-आठ. मला ते नेमबाजीचं लक्ष्य वाटलं होतं. केट सांगू लागली की हा ‘सोक’ आहे, म्हणजे नदीचं पात्र वरून कोरडं असतं पण वाळू उपसली की आत... तिला पुढचा शब्द सापडेना. एवढ्यात मागून आई म्हणाल्या, “झिरा.”

आम्ही सगळे वळलो.

“झिरा आहे तो. माणगंगेत असायचा आमच्या. उन्हाळ्यात वाळू उपसायची, वाट बघायची, वाटीवाटीनं पाणी भरायचं. घाई केली की गढूळ होतो.” आणि त्या पदर खोचून सरळ डोरीनशेजारी मांडी घालून बसल्या. हाताने वाळू उकरायची, थांबायची, वाटीने भरायची, सगळी खूण करून दाखवली. डोरीनने काडी खाली ठेवली. तिनेही तशीच खूण केली, फक्त वाटीच्या जागी तिचं लाकडी पसरट भांडं होतं.

मी जागा बघून आईंच्या शेजारी टेकलो. आता माहिती मिळणार, ब्लॉग लिहिता येणार!

डोरीनने विचारलं, “हा कोण?”

“माय सन-इन-लॉ,” आई म्हणाल्या, व्याकरणशुद्ध.

डोरीनने तोंड टोपीत लपवलं. अक्षरशः. “शेम!” म्हणाली. मग त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली आणि ओट्यावरच्या बाकीच्या बायका हसत सुटल्या. केटचाही चेहरा लाल. तिने सांगितलं की इथे सासू आणि जावई एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांकडे बघत नाहीत, एका सावलीत बसत नाहीत. भांडण असतं म्हणून नव्हे, तो मान असतो. जावयाने लांबून शिकार पाठवायची आणि दिसायचं नाही. आपण पाहुणे, आपल्याला सक्ती नाही, पण डोरीनला बघायलाच लाज वाटतेय.

आयुष्यभर मी ऐकत आलो की आपल्या संस्कृतीत जावयाला मान. इथे मान होता, फक्त तो शेडच्या मागे मिळत होता.

मला वाटलं आई काहीतरी म्हणतील, असू द्या वगैरे. आई म्हणाल्या, “बरोबर आहे त्यांचं. आमची आई सईच्या आजोबांशी पहिली दहा वर्षं दाराआडूनच बोलायची. निखिलराव, जा तुम्ही पलीकडं.”

गेलो. काय करणार?

दिवस तिसरा. रात्री सेंटरमागच्या कंटेनरच्या खोलीत झोपलो. गाद्या स्वच्छ, हीटर एक, भाडं शहरातल्या मोटेलइतकं. सकाळी साडेआठला माझी रवानगी पत्र्यामागे. बायका उन्हाच्या बाजूला, मी सावलीच्या, तापमान तीन अंश. दोन थर्मल, एक जॅकेट, मांडीवर कुणाचंतरी म्हातारं कुत्रं. चित्रकारांविषयी लिहायला गेलेल्या माणसाने चित्रकार अख्ख्या दिवसात एकदाही पाहिली नाही, असा हा बहुधा एकमेव ब्लॉग. पण पत्र्यात फट होती, आणि कान माझे चांगले आहेत.

मुग्धा केटबरोबर आत गोडाउनमध्ये कॅनव्हास बघत होती, सई मैदानावर. ओट्यावर फक्त काडीचा टक टक आवाज आणि दोन म्हाताऱ्या. डोरीन मोजकं इंग्लिश बोलते, आई मोजकं इंग्लिश बोलतात, त्यामुळे दोघींना एकमेकींचं सगळं कळत होतं.

डोरीन सांगत होती. ती त्या झिऱ्याजवळच जन्मली. लहानपणी आईबापाबरोबर पायी फिरायची, एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्यावर. मग सगळ्यांना ट्रकमध्ये घालून सरकारी वस्तीवर नेलं. पीठ, साखर, चहा मिळायचा, परत जाता यायचं नाही. मोठी झाल्यावर गुरांच्या मळ्यावर गोऱ्या मालकिणीची भांडी घासली. ब्रश हातात आला तेव्हा ती आजी झाली होती. “पहिल्याच दिवशी तो झिरा काढला,” ती म्हणाली. “पाय पोचत नव्हते, मग हात पाठवला.” मधली रेघ आणि गोल तिचेच, ते दुसऱ्या कुणी काढायचे नाहीत. तो हक्क बापाकडून येतो. बाजूचे ठिपके भाची भरू शकते, तेही विचारून. आणि चित्रात काय आहे ते सगळं विकत घेणाऱ्याला सांगायचं नसतं, सांगण्यापुरतंच सांगायचं.

मग किडन्या गेल्या. डायलिसिससाठी अ‍ॅलिसला दीड वर्ष हॉस्टेलवर. “खिडकीतून कार पार्क दिसायचं. कार पार्क, कार पार्क, कार पार्क.” तिथेही तिने तोच झिरा काढला, सारखा सारखा. कारण कुणीतरी त्याची काळजी घ्यायला हवी ना. आता दवाखान्यात मशीन आलंय म्हणून ती परत आली. हिवाळ्यात मुलगा तिला गाडीने तिकडे नेतो. ती लांबूनच ओरडून झिऱ्याला सांगते, मी आलेय. मग वाळू उपसते.

मग डोरीनने विचारलं, “आणि तुझी जमीन? हूज लुकिंग आफ्टर?”

आईंनी एकाच शब्दात उत्तर दिलं.

“लॉक.”

डोरीन हसली नाही. “लॉक डोन्ट नो नथिंग,” ती म्हणाली.

आणि मग माझ्या सासूबाई बोलायला लागल्या. चार महिन्यांत माझ्या घरात बोलल्या नसतील एवढं, इंग्लिश संपलं तिथे मराठीत. ते घर त्यांनी स्वतःच्या पगारातून बांधलं, स्लॅब पडला तेव्हा त्या शाळेतून पळत आल्या होत्या. मोगऱ्याला पाणी घालायला कोण येत असेल. केलीव्हिलमध्ये दिवसभर खिडकीतून गराजची दारं दिसतात. “माय डॉटर वॉन्ट सेल. आय ॲम नॉट टेलिंग नो.”

“टेल हर.”

“शी इज डुइंग फॉर लव्ह,” आई म्हणाल्या. “फॉर लव्ह, हाऊ टू से नो?”

मी तिथे कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिलो. लाज वाटली, थंडी वाजली आणि सकाळची पाऊण तासाची झोप आठवली, खरं सांगायचं तर याच क्रमाने नाही. झोप आधी आठवली.

दिवस चौथा. मोठा कॅनव्हास मिळाला नाही. डोरीन म्हणाली अजून झाला नाही, आणि झाल्यावर कुठे जायचं ते तो बघेल. आईंनी एक छोटा चौकोनी निवडला, वीतभर लांब, वीतभर रुंद: काळ्यावर लाल गोल आणि पांढरे ठिपके. किंमत आम्हा चौघांच्या विमानभाड्याहून कमी, सोबत डोरीनचा फोटो आणि सांगण्यापुरती गोष्ट असलेलं सर्टिफिकेट. नेहमी असं वस्तीच्या स्वतःच्या सेंटरमधूनच घ्या, म्हणजे पैसा चित्र काढणाऱ्याच्या हाती जातो. निघताना डोरीनने आईंचा हात धरला. माझ्याकडे न बघता माझ्या दिशेने एक वाक्य फेकलं. केटने भाषांतर केलं: “बरा जावई आहे. मागे बसतो.”

साडेचार तास गाडी चालवली आणि बोललो नाही. विमानात बोललो नाही. घरी आल्यावर सोमवारीही बोललो नाही. बुधवारची अपॉइंटमेंट फ्रिजवर चुंबकाने लावलेली होती, दूध काढताना रोज दिसायची. मंगळवारी मुग्धाने विचारलं, “उद्या तू हाफ डे घेतोयस ना?” आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

“आईंना विकायचं नाहीये घर.”

“तुला सांगितलं तिने? मला नाही?” तिचे डोळे भरले. “चार महिने मी रोज विचारतेय निखिल, आई बरं वाटतंय ना, आई बरं वाटतंय ना. रोज हो म्हणते.”

“मला नाही सांगितलं. मी पत्र्यामागे होतो. तू तोंडावर विचारतेस ना. तोंडावर त्यांना नाही म्हणता येत नाही.”

ती गराजमध्ये जाऊन रडली. मग आली, लाँड्रीच्या खोलीच्या दाराशी गेली. आई आत कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मुग्धाने बाहेरून दार ओढून घेतलं आणि पॅसेजमध्ये खाली बसली, दाराला पाठ लावून.

“आई, दाराआडून बोलतेय.”

मग तिने विचारलं:

“दहिवडीला घर कोण बघतंय गं?”

ड्रायर फिरत होता. आतून आवाज आला, “कुलूप.”

“कुलपानं भागतं का?”

“नाही भागत गं,” आई म्हणाल्या. “मला घरी जायचंय मुगे.” दाराच्या दोन्ही बाजूंना दोघी रडत होत्या आणि मी किचनमध्ये जाऊन फ्रिजवरचा कागद काढून घेतला.

आई ऑगस्टमध्ये गेल्या. चित्र घेऊन जा म्हटलं तर म्हणाल्या, तुम्हाला ठेवा, माझा झिरा तिथंच आहे. मुखत्यारपत्राच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी सईला ठिपक्यांची रांगोळी शिकवली होती, तो कागद आता सईच्या खोलीत आहे. सईचं पाळणाघर परत सुरू झालं. मी सहाला उठतो आणि आईंच्या भाकरीची आठवण काढत ब्रेडला लोणी लावतो.

भिंत अजून रिकामीच आहे. चित्र कॉफी टेबलवर आडवं ठेवलंय, जमिनीसारखं, वरून बघायचं. मागच्या रविवारी पाहुण्यांपैकी एकाने कौतुकाने “छान आहे कोस्टर” म्हणत त्यावर चहाचा कप ठेवायला घेतला. सई किंचाळली, “डोन्ट! दॅट्स अ झिरा!”

वाळवंटातून काय आणलं असं विचाराल तर एक वीतभर कॅनव्हास आणि एक सवय. दर रविवारी मी दहिवडीला व्हिडिओ कॉल लावतो. आईंचा चेहरा दिसतो, मागे मोगरा दिसतो. मी विचारतो, बरं आहे ना? त्या म्हणतात, हो, बरं आहे. मग म्हणतात:

“निखिलराव, आधी तो कॅमेरा बंद करा. सांगायचंय.”